इंजिन उठत नसेल, तर आधी धूर पाहा

काटोल-नरखेडच्या संत्राबागांत विहिरीवरचे डिझेल इंजिन पाहिलेल्या नागपूरकराला शिडाच्या बोटीतले इंजिन परके वाटण्याचे कारण नाही. वारा पडल्यावर किंवा बंदरात शिरताना लागणारे हे इंजिन लहान असले, तरी त्याचे शास्त्र तेच आहे. त्यात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास दाबली गेली, की ती 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालवून दाखवलेले इंजिन याच तत्त्वावर उभे होते.

साहजिकच इंजिन सुरू होत नसेल, तर एक तर हवा पुरेशी तापत नाही किंवा डिझेल पोचत नाही. यांतले नेमके काय घडते आहे, हे पाना हातात घेण्यापूर्वीच धूर सांगतो. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते आहे, पण जळत नाही. अशा वेळी इंजिन किती वेगाने फिरते आहे ते पाहावे, कारण मंद फिरणाऱ्या इंजिनात दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांपाशी गळते आणि तिची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात. नागपुरातल्या डिसेंबरच्या पहाटे हा दोष अधिक जाणवतो. बारा व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना 12.6 व्होल्ट दाखवते म्हणून तिच्यावर विसंबू नये. मोजमाप सेल्फ मारत असतानाच घ्यावे. आकडा दहाच्या बराच खाली घसरला, तर बॅटरी तपासावी. बॅटरीपाशी तो ठीक आणि स्टार्टरपाशी कमी असेल, तर खाऱ्या हवेने गंजलेले एखादे टर्मिनल दोषी असते.

धूर अजिबात नसेल, तर आधी इंजिन बंद करायची दांडी ओढलेलीच राहिली नाही ना, हे पाहावे. (हे कारण हास्यास्पद वाटते, पण दुर्मीळ नाही.) त्यानंतर संशय हवेवर घ्यावा. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. त्यामुळे नळीत शिरलेला बुडबुडा पंपाचा दाब गिळून टाकतो आणि डिझेल फवारणारे नोझल उघडतच नाही. डिझेलच्या फिल्टरवरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून डिझेल पुढे ढकलणारा हातपंप हलवत राहावे. आधी फेस येतो, मग फुटणारे बुडबुडे, आणि शेवटी अखंड, स्वच्छ धार. धार आली की पंप चालू असतानाच स्क्रू आवळावा. त्यानंतर हाच क्रम नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणाऱ्या इंजेक्शन पंपापाशी करावा.

विहिरीवर नसलेला एक धोका मात्र बोटीत असतो. तेथे इंजिन थंड करणारे समुद्राचे पाणी शेवटी सायलेन्सरमध्ये सोडले जाते आणि धुराचा जोर ते बाहेर ढकलतो. इंजिन पेटत नसताना सेल्फ मारत राहिले, तर पंप पाणी आणतच राहतो, ढकलणारे कोणी नसते, आणि सायलेन्सर भरून पाणी उघड्या झडपेतून सिलिंडरमध्ये उतरते. पाणी दबत नसल्याने पिस्टनची दांडी वाकू शकते. म्हणून दोन-तीन प्रयत्न फसल्यावर समुद्राच्या पाण्याची तोटी बंद करूनच पुढे सेल्फ मारावा आणि इंजिन पेटताच ती तत्काळ उघडावी, नाहीतर पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) कोरडा फिरून फाटतो.