कॉकपिटमधला धूर: वायरिंगची आग आणि इंजिनची आग

सेसना १७२ या छोट्या विमानात वैमानिकाच्या डाव्या आसनावर बसलं की हाताशी दोन लाल गोष्टी असतात. डावीकडे खाली, किल्लीच्या शेजारी, मास्टर स्विच. आणि पॅनलच्या मध्याजवळ, काळ्या थ्रॉटलच्या उजवीकडे, मिक्स्चरचा, म्हणजे इंधन-हवेच्या मिश्रणाचा, लाल दांडा. मास्टर बंद केला की विमानाची वीज जाते. मिक्स्चर पूर्ण बाहेर ओढला की इंधन तुटतं आणि इंजिन थांबतं. तीन हजार फुटांवर जळका वास आला, पॅनलखालून धुराची रेघ वर आली, की हात आधी कशाकडे जातो यावर पुढची दहा मिनिटं ठरतात.

शिकाऊ वैमानिकांची गल्लत नेमकी इथे होते. इंजिनची आग आणि विजेची आग यांच्यासाठी चेकलिस्टमध्ये दोन वेगळ्या याद्या आहेत. जमिनीवर विचारलं तर दोन्ही धडाधड म्हणून दाखवतात. पण खुर्चीत बसवून, डोळे मिटायला लावून मी नुसतं ‘धूर!’ असं म्हटलं, की बऱ्याच जणांचा हात आधी मिक्स्चरवर जातो. आग म्हणजे इंधन, इंधन म्हणजे इंजिन, असं मनात पक्कं बसलेलं असतं. वायरिंगची आग असेल, तर त्या एका हालचालीने चालतं इंजिन विनाकारण बंद पडतं आणि जळणारी तार मात्र तशीच जळत राहते.

मुळात वीज बंद केल्यावर इंजिन चालू कसं राहतं, हेच पुष्कळांना पटत नाही. मोटारीची सवय असते, तिथे वीज गेली की गाडी बंद. विमानाच्या पारंपरिक पिस्टन इंजिनात ठिणगी देण्याचं काम मॅग्नेटो करतात. इंजिनबरोबर फिरणाऱ्या चुंबकातून ते आपली वीज आपणच तयार करतात. बॅटरी आणि अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं विजेचं जनित्र) यांच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही. शिवाय ते दोन असतात, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणून मास्टर बंद केला तरी प्रोपेलर फिरतच राहतो. फक्त किल्लीला हात लावायचा नाही, कारण ती मॅग्नेटोची किल्ली आहे. चेकलिस्टमध्ये ‘इग्निशन सोडून बाकी सगळे स्विच बंद’ असं लिहिलेलं असतं ते याचसाठी.

याला अपवाद आहे आणि तो जीवघेणा ठरू शकतो. ज्या नव्या इंजिनांचा कारभार संगणक पाहतो, त्यांना वीज लागतेच. २००७ साली जर्मनीत श्पायर इथे, उतरलेल्या बॅटरीवर बाहेरून वीज देऊन सुरू केलेलं एक डायमंड डीए-४२ आकाशात गेलं. चाकं वर घेताच व्होल्टेज पडलं, संगणक बंद झाले आणि दोन्ही इंजिनं थांबली. तेव्हा पुढे जे लिहितोय ते मॅग्नेटोवाल्या विमानांबद्दल आहे, आणि तुमच्या विमानाची पुस्तिका त्याहून वेगळं सांगत असेल तर पुस्तिकेचं ऐकायचं.

आता दोन्ही आगी ओळखायच्या कशा. वायरिंगच्या आगीत वास आधी येतो, धूर नंतर, आणि ज्वाळा बहुधा दिसतच नाही, कारण सगळं पॅनलच्या मागे घडत असतं. वास तिखट असतो, तापलेल्या प्लास्टिकचा. जुन्या विमानांच्या तारांवर पीव्हीसीचं आवरण आहे. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, डोळ्यांतून पाणी येतं आणि घसा धरतो. नंतरच्या काळात टेफझेल या प्लास्टिकचं आवरण आलं, ते उष्णता पुष्कळ जास्त सोसतं, पण जुन्या विमानात जुनीच वायरिंग राहिलेली असू शकते. वासाच्या आधी किंवा बरोबरीने रेडिओ खरखरतो, एखादा दिवा लुकलुकतो, अमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा भलतीकडे जातो, एखादा सर्किट ब्रेकर, म्हणजे जादा प्रवाह तोडणारं बटण, टकन बाहेर येतो. इंजिनचा आवाज मात्र जसाच्या तसा असतो. तो आवाज कान देऊन ऐकणं, ही पहिली पाच सेकंद वापरण्याची माझ्या मते सर्वांत चांगली रीत आहे.

इंजिनची आग पेटते ती गळणाऱ्या इंधनाने किंवा ऑइलने, तापलेल्या एक्झॉस्टवर पडून. तिची चिन्हं नाकाडावर दिसतात. काउलिंगच्या (इंजिनवरच्या आवरणाच्या) फटींतून धूर किंवा ज्वाळा, फुगून आलेला रंग, काचेवर ऑइलचे ओघळ. इंजिन अडखळतं, ऑइलचा दाब उतरतो, पायांना ऊब लागते. ज्वाळा समोर दिसत असेल तर ओळखण्याचा प्रश्नच उरत नाही.

घोळ होतो तो हीटरमुळे. छोट्या विमानात केबिन गरम करण्यासाठी वेगळी शेगडी नसते. एक्झॉस्टच्या सायलेन्सरभोवती पत्र्याचं वेष्टण असतं, त्यातून बाहेरची हवा फिरवून ती फायरवॉलमधल्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या आगरोधक भिंतीतल्या, झडपेवाटे आत सोडतात. म्हणजे इंजिनकडचा धूर सरळ तुमच्या पायांशी येतो, पॅनलखालून, अगदी वायरिंगच्या धुराच्या वाटेने. डोळ्यांना दोन्ही सारखेच. रंगावरून ओळखा असं काही जण सांगतात, मी त्यावर भरवसा ठेवत नाही. अर्धवट उजेडात, चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी, धुराचा रंग कोण पाहणार?

पण दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते. मास्टर बंद करणं दोन्हींत आहे. हीटर बंद करणंही दोन्हींत आहे. मिक्स्चर आणि इंधनाची झडप बंद करणं फक्त इंजिनच्या यादीत आहे. त्यामुळे आग कुठली हे खरोखरच कळत नसेल, तर दोन्हींत असलेल्या या दोन गोष्टी करायला वाट पाहायची गरज नाही, त्यातलं काहीच वाया जात नाही. हीटर बंद केल्यावर धूर ओसरला तर संशय इंजिनकडे वळतो, मास्टर बंद केल्यावर ओसरला तर वायरिंगकडे. तोवर नाकाडाकडे नजर टाकून झालेली असते. मिक्स्चर ओढला की मात्र आपण ग्लायडर झालो, आणि आगीमुळे बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू करायचं नसतं. म्हणून तिथे हात जाण्याआधी खात्री हवी.

इंजिनची आग पक्की झाली, तर मग काम थोडक्यात पण कठोर आहे. मिक्स्चर बंद, इंधनाची झडप बंद, पंप बंद, मास्टर बंद, हीटर बंद. मग नाक खाली. सेसना १७२ ची पुस्तिका १०० नॉट सांगते, आणि तेवढ्याने आग विझली नाही तर आणखी वेग घ्यायला सांगते, म्हणजे हवेच्या माऱ्यात ज्वाळा टिकणार नाही. त्यानंतर शेत, माळरान, जे समोर असेल तिथे उतरायचं. केबिनमधला अग्निशामक इथे निरुपयोगी, तो फायरवॉलच्या पलीकडे पोचत नाही. त्या फायरवॉलकडून सुमारे ११०० अंश सेल्सिअसची ज्वाळा किमान १५ मिनिटं अडवून धरण्याची अपेक्षा असते. ती पातळ असते, पण वेळ ती देते.

वायरिंगच्या आगीची गोष्ट लांब आहे, कारण इंजिन चालू असतं आणि निर्णय घ्यायला वेळ मिळतो. तो वेळच घात करतो. मास्टर स्विच दोन भागांचा असतो, एक बॅटरीचा, एक अल्टरनेटरचा. दोन्ही बंद करायचे. तबकड्यांऐवजी काचेच्या पडद्यांची विमानं असतील तर स्टँडबाय बॅटरीही, नाहीतर मास्टर पाडूनही काही तारांत वीज राहते. मग एव्हिऑनिक्स (रेडिओ वगैरे इलेक्ट्रॉनिक उपकरणं) आणि बाकीचे स्विच. हवेच्या खिडक्या आणि झडपा मिटायच्या, आणि आग दिसत असेल तर अग्निशामक वापरायचा. धूर कोंडलेला असताना खिडक्या मिटायला मन तयार होत नाही, पण येणारी हवा आगीला फुंकर घालते आणि अग्निशामकातला हॅलॉनसारखा वायू उडवून लावते. आग विझल्याची खात्री झाली की लगेच सगळं उघडायचं. जळक्या आवरणाचा धूर काय किंवा अग्निशामकाचा वायू काय, छातीत भरून घेण्यासारखं त्यात काही नाही.

मास्टर बंद केल्यावर बहुतेक वेळा आग आपोआप मंदावते, कारण तिला धग देणारा प्रवाहच तुटलेला असतो. शेजारच्या वस्तूंनी पेट घेतला असेल तर मात्र नाही. २ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअरचं १११ क्रमांकाचं एमडी-११ कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ कोसळलं, २२९ जण गेले. छताआड तारेची ठिणगी पडली आणि उष्णतारोधक चादरींचं आवरण पेटत गेलं. वैमानिकांना पहिला वास वातानुकूलन यंत्रणेचा वाटला होता. वास लागल्यापासून विमान पडेपर्यंत सुमारे २१ मिनिटं. ते प्रचंड विमान होतं, आपलं छोटं आहे. पण आपल्या विमानातही जमीन शोधायला मास्टर बंद करतानाच सुरुवात करायची, हे मी त्या २१ मिनिटांवरून शिकलो.

वीज गेल्यावर कॉकपिट एकदम मुकं होतं. हेडसेटमधला आवाज जातो, रडारला आपली ओळख देणारा ट्रान्सपाँडर जातो, वळण दाखवणाऱ्या टर्न कोऑर्डिनेटरचा काटा आडवा पडतो. पहिल्यांदा हे अनुभवताना विद्यार्थ्याला वाटतं, सगळंच गेलं. तसं नसतं. वेग, उंची, होकायंत्र यांच्या साध्या तबकड्यांना वीज लागत नाही. व्हॅक्यूमवर चालणारा कृत्रिम क्षितिज (विमानाचा कल दाखवणारी तबकडी) असेल तर तोही फिरतो. सेसना १७२ मध्ये फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांमागून खाली येणाऱ्या फळ्या, विजेवर चालतात, म्हणजे फ्लॅपविना, थोड्या जास्त वेगाने आणि लांब धावपट्टीवर उतरायचं. पण तिचा स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटत असल्याचा इशारा देणारा, भोंगा पंखाच्या कडेतल्या हवेच्या ओढीने वाजतो, तो राहतो. पायपरच्या अनेक विमानांत तो विजेचा आहे, तिथे तो गप्प. चाकं आत ओढली जाणारं विमान असेल तर हाताने खाली घेण्याची रीत आधीच पाठ हवी. टॉवरशी बोलता येत नाही तेव्हा डोळे टॉवरकडे. न लुकलुकणारा हिरवा झोत म्हणजे उतरा, तसाच लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या चालू ठेवा.

मग मोह होतो तो वीज परत चालू करण्याचा. दिवस असेल, जमीन दिसत असेल, विमानतळ जवळ असेल, तर माझं उत्तर सरळ आहे. चालू करायची नाही, उतरायचं. रात्र असेल किंवा ढगात असाल तर गरज पडू शकते. तेव्हा आधी सगळी उपकरणं बंद आहेत हे बघायचं, कुठला ब्रेकर उडालाय ते पाहायचं आणि त्याला हात लावायचा नाही. ब्रेकर रेडिओला वाचवण्यासाठी नसतो, तो तारेला वाचवण्यासाठी असतो. उडाला म्हणजे त्या तारेने धोक्याची सूचना दिली. मग मास्टर चालू, थांबा, वास घ्या. एक उपकरण, थांबा, वास घ्या. अगदी लागेल तेवढंच.

अल्टरनेटर बंद पडणं ही या दोन्हींपेक्षा निराळी गोष्ट, पण तीही लोक यातच मिसळतात. तिथे धूर नसतो, वास नसतो, नुसता कमी व्होल्टेजचा दिवा लागतो. तिथे मास्टर सगळा पाडून बसायचं नसतं. नको ती उपकरणं बंद करून बॅटरी पुरवायची आणि उतरायचं. आणि मांडीवरच्या टॅबलेटची लिथियम बॅटरी धुमसू लागली, तर कुठलाच लाल स्विच उपयोगाचा नाही. तिला गार करायला पाणी लागतं.

उतरल्यानंतर काय होतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुलै २००७ मध्ये नॅसकार या अमेरिकेतल्या मोटार-शर्यतींच्या संस्थेच्या ताफ्यातल्या एका सेसना ३१० च्या वैमानिकाला हवेत जळकी दुर्गंधी आली, हवामानाचा रडार बंद पडला. त्याने रडारचा ब्रेकर ओढला, वास थांबला, विमान सुखरूप उतरलं, आणि त्याने ती तक्रार लिहूनही दिली. दुसऱ्या दिवशी, १० जुलैला, दोष न शोधता तेच विमान फ्लोरिडात डेटोना बीचहून पुन्हा उडालं. थोड्याच वेळात केबिनमध्ये धूर झाला. सॅनफर्डकडे वळताना ते घरांवर कोसळलं. विमानातले दोघे आणि जमिनीवरचे तिघे गेले. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने ठपका ठेवला तो माहीत असलेला दोष तसाच ठेवून विमान सोडणाऱ्यांवर आणि ते उडवणाऱ्यांवर.

आमच्याकडे ओढलेल्या ब्रेकरच्या मानेला प्लास्टिकची लाल कडी अडकवतात, म्हणजे सवयीने कोणी तो आत दाबू नये. ती कडी मेकॅनिक काढतो, पॅनल उघडून तार हातात घेतल्यावर. वैमानिक काढत नाही.