नामिबियातील कॉन्झर्व्हन्सी: वन्यप्राण्यांवरील हक्कासाठी गावकऱ्यांचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडलेले पहिले आठ चित्ते नामिबियातून आले, त्यामुळे या देशाचे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले. त्या देशातील वन्यजीव संवर्धन मात्र मोठ्या प्रमाणावर गावकऱ्यांच्या नोंदणीकृत संस्थांवर उभे आहे आणि या संस्थांना तेथे ‘कॉन्झर्व्हन्सी’ म्हणतात. वर्णभेदी राजवटीतील १९७५ च्या निसर्गसंवर्धन अध्यादेशाने खासगी मालकीच्या शेतांवरील, म्हणजे व्यवहारात गोऱ्या शेतकऱ्यांना, आपल्या जमिनीवरील काही वन्यप्राण्यांवर हक्क दिले होते. सामायिक जमिनीवर, म्हणजे सरकारी मालकीच्या पण समुदायांच्या वहिवाटीच्या जमिनीवर, राहणाऱ्या कृष्णवर्णीय गावकऱ्याला मात्र असा कोणताही हक्क नव्हता आणि त्याने केलेली शिकार ही चोरटी शिकारच ठरत असे. स्वातंत्र्यानंतर १९९६ च्या दुरुस्ती कायद्याने ही विषमता दूर केली. १९९८ मध्ये न्याए न्याए, सालंबाला, तोरा इत्यादी पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सींची नोंदणी झाली; आता त्यांची संख्या ८६ असून देशाची सुमारे २० टक्के जमीन त्यांच्या क्षेत्रात येते.

अर्ज करण्याचा हक्क सामायिक जमिनीवर प्रत्यक्ष वास्तव्य करणाऱ्या लोकांच्या समूहाला आहे. बाहेरची स्वयंसेवी संस्था, पर्यटन कंपनी किंवा एकटी व्यक्ती अर्जदार होऊ शकत नाही. ज्या जमिनीवर आधीच भाडेपट्टा आहे, किंवा जी राष्ट्रीय उद्यान वा राखीव क्षेत्र म्हणून घोषित झालेली आहे, ती जमीन यात घेता येत नाही. सदस्यत्व १८ वर्षे पूर्ण केलेल्या रहिवाशांनाच मिळते.

अर्ज पर्यावरण व पर्यटन मंत्रालयाकडे, मंत्र्यांच्या नावे करावयाचा असतो. त्यासोबत समितीवर निवडलेल्या व्यक्तींची नावे, समितीची घटना, क्षेत्राच्या चतुःसीमा दाखवणारा नकाशा आणि सदस्यांची नोंदवही जोडावी लागते. घटनेत समितीची निवड व तिला पदावरून दूर करण्याची पद्धत, सभांचे नियम, सदस्यत्वाचे निकष, सदस्यांचे हक्क व जबाबदाऱ्या आणि तंटा मिटवण्याची रीत या बाबी असाव्या लागतात. शिवाय वन्यप्राण्यांचे व्यवस्थापन व वापर दीर्घकाळ टिकेल अशा रीतीने होईल, हे उद्दिष्ट त्यात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. मदत करणाऱ्या संस्थांकडे घटनेचे तयार नमुने मिळतात, पण नमुना जसाच्या तसा उतरवून घेण्यापेक्षा त्यातील प्रत्येक कलम गावसभेत स्थानिक भाषेत वाचून घेणे शहाणपणाचे असते, कारण पुढे समितीविरुद्ध तक्रार करण्याची वेळ आली तर सदस्याच्या हाती तेवढा एकच कागद असतो.

खरे कष्ट चतुःसीमा ठरवण्यात आहेत. वायव्येकडील कोरड्या प्रदेशात पाऊस पडेल तिकडे गुरे नेण्याची रीत आहे, त्यामुळे एकाच कुरणावर आणि पाणवठ्यावर दोन-तीन वस्त्यांचा वहिवाटीचा दावा असतो. नकाशावर रेघ ओढली की चराई बंद होईल, अशी भीती शेजाऱ्यांना वाटते. वास्तविक कॉन्झर्व्हन्सीमुळे जमिनीची मालकी बदलत नाही, ती सरकारचीच राहते आणि जमीनवाटपाचे काम पारंपरिक प्रमुखांकडे व जमीन मंडळांकडेच राहते. म्हणून शेजारच्या वस्त्यांशी बोलणी करून सीमेवर सहमती मिळवणे आणि पारंपरिक प्रमुखांचा पाठिंबा मिळवणे, हे टप्पे अर्ज लिहिण्याआधीच पूर्ण करणे इष्ट असते. गडचिरोलीत सामूहिक वनहक्काचे दावे तयार करताना शेजारच्या गावांशी शीवेवरून किती बैठका घ्याव्या लागल्या, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही अडचण निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

निर्णय देताना मंत्री काही गोष्टींची खात्री करून घेतात. समिती साऱ्या समुदायाचे प्रतिनिधित्व करते का, तिला पैशांचा व्यवहार सांभाळता येईल का, मिळालेला लाभ सदस्यांमध्ये न्याय्यपणे वाटण्याची पद्धत तिने ठरवली आहे का आणि सीमा पुरेशा स्पष्ट आहेत का, हे तपासले जाते. सीमांबाबत प्रादेशिक परिषदेचे मतही विचारात घेतात. खात्री पटल्यावर राजपत्रात घोषणा प्रसिद्ध होते आणि तेव्हापासून कॉन्झर्व्हन्सीला कायदेशीर अस्तित्व मिळते.

या नोंदणीने जेम्सबॉक, स्प्रिंगबॉक, कुडू हे हरणासारखे प्राणी, रानडुकराच्या जातीचा वॉर्टहॉग अशा काही ठरावीक प्राण्यांच्या वापराचा हक्क मिळतो, तसेच पर्यटनातून उत्पन्न मिळवण्याचा हक्कही मिळतो. हत्ती, गेंडा यांसारखे संरक्षित प्राणी या हक्कात येत नाहीत. शिकारीच्या परवान्यांतून पैसा आणि मांस मिळवणे हा या व्यवस्थेचा अधिकृत भाग आहे. आपल्याकडील वाचकाला ते खटकेल, पण ही बाब वगळून या योजनेची माहिती देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

नोंदणीनंतरची कागदपत्रे नोंदणीच्या कागदपत्रांपेक्षा जास्त आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा, तीत मांडलेला जमाखर्च, लाभवाटपाचा आराखडा, वन्यजीव व्यवस्थापन आराखडा आणि प्राण्यांच्या वापराचा अहवाल यांची पूर्तता करावी लागते. कसूर झाल्यास वापराचे परवाने अडू शकतात. या साऱ्याचा पाया म्हणजे गावातूनच नेमलेल्या राखणदारांची ‘इव्हेंट बुक’ नावाची नोंदवही. राखणदार फिरताना दिसलेले प्राणी, चोरटी शिकार, गुरांवरील हल्ले आणि पिकांची नासधूस यांची नोंद पिवळ्या वहीत करतो. महिन्याची गोळाबेरीज निळ्या तक्त्यावर आणि वर्षांची तुलना लाल तक्त्यावर उतरते. आकडेमोडीऐवजी चौकोन रंगवायचे असल्यामुळे फारसे न शिकलेल्या माणसालाही कल लगेच दिसतो. ही राखणदारीची पद्धत कायद्यापेक्षा जुनी आहे: १९८० च्या दशकात, दुष्काळ आणि चोरटी शिकार एकदम ओढवली असताना, संवर्धन कार्यकर्ते गार्थ ओवेन-स्मिथ यांनी वायव्येकडील गावप्रमुखांच्या साहाय्याने ती सुरू केली आणि त्या वेळी राखणदारांना मोबदला म्हणून मुख्यतः शिधा दिला जात असे.

वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीच्या मदतीसाठी दावा करणाऱ्या सदस्याने घटना २४ तासांच्या आत कळवणे आणि राखणदाराकडून किंवा मंत्रालयाच्या कर्मचाऱ्याकडून तिची पडताळणी करून घेणे आवश्यक असते. रात्री गुरे गोठणात बांधलेली नसतील तर दावा फेटाळला जाऊ शकतो. मिळणारी रक्कम पूर्ण भरपाई नसून आधार म्हणूनच दिली जाते, हे सदस्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

बाहेरच्या व्यक्तीला कॉन्झर्व्हन्सीचे सदस्यत्व मिळत नाही, परंतु मदतीला वाव आहे. वायव्येत ठरावीक मार्गांवरून मोटारीने दरवर्षी होणाऱ्या प्राणिगणनेत कॉन्झर्व्हन्सींचे लोक, मंत्रालयाचे कर्मचारी आणि संस्थांसोबत स्वयंसेवकही भाग घेतात. महाराष्ट्रातून अशा कामासाठी जाऊ इच्छिणाऱ्याने प्रथम यजमान संस्थेचे निमंत्रणपत्र मिळवावे, त्यात कामाचे स्वरूप, ठिकाण आणि कालावधी नमूद करून घ्यावा आणि त्या आधारे योग्य परवान्याची चौकशी करावी; पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही. मंजुरी हाती आल्यावरच तिकीट काढावे.