व्हॅनिलाचा बाजार

नैसर्गिक स्वादांमध्ये केशराच्या खालोखाल महाग म्हणून व्हॅनिलाचं नाव घेतात. लग्नातल्या आइस्क्रीमला नि तालुक्याच्या बेकरीतल्या केकला जो वास येतो तो मात्र बहुतेक व्हॅनिलिन या रसायनाचा, किराण्यातली एसेन्सची बाटली म्हणजे तेच. टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ साली ते तयार केलं. खऱ्या शेंगेचा बाजार त्यापुढे चिमूटभर, म्हणूनच भाव इतका उड्या मारतो.

शेंग धरते ऑर्किडच्या वेलीला, मूळ मेक्सिकोकडची. फूल एकच सकाळ उघडं राहते. तिथं ते फळवते कोण यावर वाद आहे, जुन्या पुस्तकांत मेलिपोना ही बिनडंखाची मधमाशी दिलेली असते अन् पुढचे तेच उतरवून घेतात, पण अलीकडचे अभ्यासक युग्लोसा या चमकदार हिरव्या मधमाश्यांकडे झुकतात, ते जास्त पटण्यासारखं आहे. हाताने फळवण्याच्या श्रेयाचंही तसंच. बेल्जियममध्ये मॉरेनने १८३६ च्या सुमारास शेंगा धरून दाखवल्या, तरी वावरात चालणारी युक्ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या एडमंड आल्बियसचीच मानावी लागते, १८४१ साली, तेव्हा तो १२ वर्षांचा गुलाम पोरगा होता. बारीक काडीने फुलातला पडदा उचलायचा अन् अंगठ्याने पराग दाबायचा, एकेका फुलाला, आजही असंच. रिशार या वनस्पतिशास्त्रज्ञाने नंतर श्रेयावर हक्क सांगितला, पण पोराचा मालकच पोराच्या बाजूने उभा राहिला.

शेंग पिकायला नऊएक महिने. मग गरम पाण्यात बुडवणं, कापडात गुंडाळून घाम काढणं, वाळवणं. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची जेमतेम एक किलो उरते.

सगळ्यात जास्त माल मादागास्करचा, त्यातही ईशान्येच्या सावा भागातला, त्यामुळे तिथं चक्रीवादळ आलं की जगभर भाव हलतो. २००३ च्या आसपास किलोला ५०० डॉलरच्या घरात गेला, दोनेक वर्षांत धाडकन पडला, २०१७ च्या एनावो वादळानंतर पुन्हा ६०० च्या जवळ. २०२० मध्ये तिथल्या सरकारने निर्यातीला किमान २५० डॉलर भाव ठरवला. हे कापसाच्या हमीभावासारखं वाटते, पण हमीभावात निदान सरकारी खरेदी केंद्र तरी उघडते, तिथं नुसता आकडा होता, गिऱ्हाइकांनी हात आखडला अन् माल पडून राहिला. २०२३ मध्ये ती अट काढली.

भारतात २००३ च्या तेजीच्या नादात केरळ-कर्नाटकात वेली लागल्या, भाव पडल्यावर बऱ्याच जणांनी सोडल्या. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात ही ओल्या सावलीतली वेल. अंजनगाव सुर्जीकडचे पानमळे अन् पानपिंपरी तेवढी तिच्यासारखी ओल-सावली मागणारी.