‘विंडोज तेवढी टाकून द्या’ म्हणण्याआधी

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

असेंबल्ड कॉम्प्युटर घेताना रॅम, एसएसडी, कॅबिनेट यांवर दोन-दोनशे रुपयांची घासाघीस होते. मग कोटेशनच्या शेवटच्या ओळीवर नजर जाते आणि प्रश्न येतो, “विंडोजचे वेगळे पैसे? ती तर टाकूनच देतात ना?” मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, वर्षानुवर्षे रीतच तशी होती, त्यामुळे विचारणाऱ्याचे काही चुकत नाही. आम्ही मात्र बिनपरवान्याचे सॉफ्टवेअर टाकत नाही. गर्दीच्या वेळी काउंटरवर त्याची कारणे सांगत बसणे जमत नाही, म्हणून हा कागद.

किंमत आपल्या खिशाला धरून नाही, हे कबूल

समजा, एखादे सॉफ्टवेअर दीडशे डॉलरचे आहे. अमेरिकेत केंद्र सरकारचे किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे, म्हणजे तिथल्या अगदी तळच्या पगाराच्या माणसाची ती एकवीस तासांची मजुरी झाली. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर आपल्याकडे त्याचे पावणेतेरा हजार होतात. महिना वीस हजारांवर काम करणाऱ्या प्रेसमधल्या ऑपरेटरची ती एकोणीस दिवसांची कमाई. शिवाय सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत काढायला कंपनीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. मग इथे स्वस्तात का देत नाहीत, हा प्रश्न रास्तच आहे.

तसे देऊनही पाहिले. २००४-०५ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, भारत अशा देशांसाठी विंडोज एक्सपीची ‘स्टार्टर’ आवृत्ती काढली. आपल्याकडे ती हिंदीत आली. स्वस्त होती, पण एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालत. वर्ड, इंटरनेट आणि कॅल्क्युलेटर उघडे असले की चौथ्याला मज्जाव. फोर्टच्या फुटपाथवर सीडीत अख्खी एक्सपी मिळत असताना हे हातपाय बांधलेले स्वस्त कोण घेणार? गरीब देशासाठी किंमत कमी करायची तर मालही अर्धा करायचा, हा हिशेब आम्हाला तेव्हाही पटला नव्हता.

कंपन्यांची भीती वेगळी असते. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांवर ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असा शिक्का तुम्ही पाहिला असेल. तशीच स्वस्त आशियाई पुस्तके अमेरिकेत शिकणाऱ्या एका थाई विद्यार्थ्याने घरच्यांकडून मागवून तिथे विकली. प्रकाशकाने दावा लावला आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने दिला. इथला स्वस्त माल उलटा तिकडे गेला तर तिकडचा भाव कोसळतो, म्हणून भाव सगळीकडे सारखा ठेवायचा. जिथे माल देशापुरता बांधून ठेवता येतो तिथे मात्र याच कंपन्या भराभर खाली उतरतात. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातला मोबाइल प्लॅन १९९ वरून १४९ रुपयांवर आणला. चॅटजीपीटीचा ‘गो’ प्लॅन ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वांत आधी भारतात आला, तोही महिना ३९९ रुपयांना. थोडक्यात, परवडणारा भाव लावता येत नाही असे नाही, जिथे सोयीचे असते तिथे तो लागतो.

चोरीचा फायदा कोणाला होतो, हाही गमतीचा भाग आहे. १९९८ मध्ये बिल गेट्स चीनबद्दल बोलताना उघड म्हणाले होते की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे, एकदा सवय लागली की पुढे वसुलीचा मार्ग आम्ही काढू. मुंबईत डीटीपी (कॉम्प्युटरवरची पानजुळणी) शिकलेली अख्खी पिढी कॉपी केलेल्या फोटोशॉप आणि कोरलवर शिकली, त्यामुळे नोकरी देणाऱ्यालाही तेच लागते. यात मार खातो तो आपल्याकडचा छोटा प्रोग्रॅमर. त्याने पाच हजारांत चांगले काही बनवले तरी त्याची स्पर्धा पन्नास हजारांच्या परदेशी सॉफ्टवेअरशी नसते, त्याच सॉफ्टवेअरच्या फुकट कॉपीशी असते. मराठी फॉन्टवाल्यांना डोंगल (जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी छोटी चिप) का लावावे लागले, ते यावरून कळेल.

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बीएसए या संघटनेच्या पाहणीनुसार २०१७ मध्ये भारतातले ५६ टक्के सॉफ्टवेअर बिनपरवान्याचे होते. टक्केवारी पटण्यासारखी आहे. तिच्यासोबत अब्जावधी डॉलरचे जे आकडे छापून येतात ते मात्र जपून वाचावेत. ते सॉफ्टवेअरच्या छापील किमतीवर काढलेले असतात, आणि फुकट घेणारा प्रत्येक जण उद्या पूर्ण किमतीला विकत घेईल असे मुळीच नाही.

तरीही आम्ही ‘क्रॅक’ का टाकत नाही

क्रॅक म्हणजे परवान्याची अट चुकवून सॉफ्टवेअर चालू करणारा प्रोग्रॅम. त्याच्या फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल असते. तिची पहिली सूचना बहुधा हीच : आधी अँटिव्हायरस बंद करा. पुढे काय होते याचे एकच उदाहरण देतो. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचा रॅन्समवेअर (फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) मुख्यतः क्रॅक आणि कीजेनच्या (परवान्याचे खोटे क्रमांक बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फायलींमधूनच पसरतो. सगळे फोटो, एक्सेल, टॅलीचा डेटा कुलूपबंद होतो, प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार विचित्र अक्षरे लागतात आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी सापडते : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर अर्ध्यात, ४९० मध्ये, काम करू. सवलतीसह ती रक्कम चाळीस हजारांच्या वर जाते. विंडोजच्या लायसन्सच्या कितीतरी पट. काही जुन्या प्रकारांवर उतारा निघाला आहे, नव्यांवर बहुतेक वेळा नाही, आणि अशा मशीनवर आमच्याकडेही जादू नाही. बॅकअप असेल तरच डेटा वाचतो.

दुसरा धोका हळू चालणारा आहे. ‘तुमची विंडोज अस्सल नाही’ असा काळा पडदा येऊ नये म्हणून कॉपी टाकणारा अपडेट कायमचे बंद करून ठेवतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा असाच एक रॅन्समवेअर जगभर पसरला, तेव्हा त्यावरचे अपडेट मार्चमध्येच येऊन गेले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, ते सापडले.

ऑनलाइन मिळणारी तीन-चारशे रुपयांची ‘ओरिजिनल की’ (विंडोज चालू करण्याचा परवाना क्रमांक) हा याच मालाचा सभ्य अवतार आहे. त्यातल्या बऱ्याच की मोठ्या कंपन्यांना किंवा संस्थांना दिलेल्या घाऊक परवान्यांतून फुटलेल्या असतात. आज ॲक्टिव्हेट होतात, पण मूळ मालकाची की रद्द झाली की तुमचीही बंद पडते. केएमएस (मोठ्या संस्थांच्या स्वतःच्या सर्व्हरवरून होणाऱ्या) पद्धतीने केलेले ॲक्टिव्हेशन तर १८० दिवसांचेच असते, ते मागून पुन्हा पुन्हा नवे करणारा प्रोग्रॅम मशीनमध्ये कायम बसलेला असतो. अशा की बरोबर जीएसटीचे बिल मिळते का, एवढे विचारून पाहा.

कायद्याचे थोडक्यात : कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून फक्त पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. याचाच अर्थ ऑफिसातली प्रत जास्त महाग पडते. ‘सर्व्हिसवाल्याने टाकली, मला काय माहीत’ या उत्तराच्या भरवशावर राहू नये. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची स्वतःसाठी बॅकअप प्रत ठेवणे मात्र कायदेशीर आहे, त्याची भीती नको.

मग काय घ्यायचे?

आधी काय घ्यायचे नाही, ते पाहू. ब्रँडेड लॅपटॉपमध्ये विंडोज बहुतेक वेळा आलेलीच असते. सेटिंग्जमध्ये जाऊन ॲक्टिव्हेशनचे पान उघडले की कळते. ती मदरबोर्डला बांधलेली असते, म्हणून फॉरमॅट मारल्यावर तीच आवृत्ती पुन्हा टाकली तर आपोआप चालू होते. काही ठिकाणी फॉरमॅटच्या नावाखाली घरची होम आवृत्ती काढून क्रॅक केलेली प्रो टाकतात आणि ग्राहकाला वर बढती मिळाल्यासारखे वाटते. तसे कोणाला करू देऊ नका.

पत्रे, बिले, साध्या एक्सेल शीट, सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब एवढ्यासाठी लिबरऑफिस पुरते. ते फुकट आहे आणि कायदेशीरही. मराठी युनिकोड (कुठल्याही मशीनवर सारखी वाचता येणारी अक्षरे) नीट चालते. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिलेले असतील किंवा सीएकडून येणाऱ्या मोठ्या शीट रोज फिरवायच्या असतील तर मात्र ओढाताण होते. तिथे त्या एकाच मशीनवर एमएस ऑफिस घ्या, बाकीच्या चारांवर नको. कॉलेजच्या मुलांनी आधी कॉलेजचा ईमेल वापरून पाहावा, बऱ्याच संस्थांमार्फत ऑनलाइन ऑफिस फुकट मिळते. ऑटोकॅडही विद्यार्थ्यांना एकेका वर्षासाठी फुकट आहे.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये काटकसर नको. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या धंद्यांना एडिट लॉग ठेवणारे सॉफ्टवेअर सक्तीचे आहे. कोणती नोंद केव्हा बदलली, याचा माग त्यात राहायलाच हवा आणि तो बंद करता येता कामा नये. क्रॅक केलेल्या जुन्या टॅलीत हे होणार नाही आणि ऑडिटर अडवेल. प्रोप्रायटरी दुकानांना हा नियम नाही, पण जीएसटीचे बदल येतच राहतात आणि त्यांची अपडेट लायसन्सवरच मिळतात.

सगळ्यात अवघड प्रकरण प्रेसवाल्यांचे. गिरगाव, परळ, दादरमधल्या कितीतरी प्रेसमध्ये लग्नपत्रिका आणि मंडळांचे अहवाल अजून पेजमेकर ७ या ॲडोबीच्या जुन्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्येच लागतात. ही आवृत्ती २००१ ची आहे. फायली वीस-वीस वर्षांच्या, फॉन्ट युनिकोडपूर्वीचे, आणि दर भाद्रपदात गेल्या वर्षीचीच फाइल उघडून नुसते सन बदलायचे. ॲडोबीचेच पुढचे सॉफ्टवेअर इनडिझाइन, त्याच्या सीएस६ आवृत्तीपर्यंत या फायली उघडत. २०१३ नंतर ॲडोबीने कायमचे लायसन्स बंद करून मासिक भाडे सुरू केले, आणि त्या नव्या आवृत्त्या पेजमेकरची फाइल घेतच नाहीत. स्क्रायबस हे फुकटचे सॉफ्टवेअर ती बऱ्यापैकी उघडते, पण मजकूर जुन्या फॉन्टचा असल्याने कन्व्हर्टरमधून काढून पुन्हा तपासावा लागतो. जोडाक्षरे हमखास फुटतात. आमचा सल्ला : जुने मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त जुन्या फायलींसाठी ठेवा आणि नवे काम युनिकोडमध्ये सुरू करा. व्हेक्टरचे (रेषा-आकृत्यांचे) काम इंकस्केपवर आणि फोटोचे गिंपवर, या फुकटच्या सॉफ्टवेअरवर, महिनाभर करून बघा. ऑपरेटर पहिला आठवडा कुरकुरतो. चार रंगांच्या ऑफसेटसाठी ते अपुरे वाटले तर एकाच ऑपरेटरपुरते ॲडोबीचे मासिक लायसन्स घ्या.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळू शकतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे बरीच धडधाकट मशीन त्यात बसत नाहीत. क्रॅकने जबरदस्तीने बसवण्यापेक्षा अशा मशीनवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम टाकून देतो. मजुरी फक्त बसवण्याची, सॉफ्टवेअरचे पैसे नाहीत.

धंद्यासाठी बिलाने घेतलेल्या सॉफ्टवेअरवरचा १८ टक्के जीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याला इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतो, शिवाय आयकरात कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअरवर ४० टक्के घसारा धरता येतो. दहा हजारांच्या लायसन्सवरचे अठराशे असे वळते होतात. कोटेशन बघताना सीएला हे एकदा विचारा.

मशीन तपासायला आणाल तेव्हा चार्जर, खरेदीचे बिल आणि आधी घेतलेल्या लायसन्सचे ईमेल किंवा डबे सोबत आणा. कोणत्या मशीनवर काय बसवलेले आहे आणि त्यातले काय रोज लागते, याची यादी आम्ही तुमच्यासमोर बसून करतो. तपासणीचे पैसे घेत नाही. मशीनमध्ये क्रॅक सापडला तर तो काढण्याआधी डेटाचा बॅकअप घ्यावा लागेल, तेव्हा एक रिकामी हार्ड डिस्क आणलीत तर त्याच दिवशी काम होईल.