मिश्री सोडवण्याचे शिक्षण: वैद्यकीय अभ्यासक्रमातील एका उशिरा आलेल्या विषयाची पार्श्वभूमी

मिरजेचे वैद्यकीय नाव झाले ते मुख्यतः शस्त्रक्रियेमुळे. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी येथे मिशन रुग्णालय सुरू केले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि सांगली-साताऱ्यापासून उत्तर कर्नाटकापर्यंतचे रुग्ण येथे येत राहिले. त्यांच्या आजारांचे स्वरूप मात्र पालटत गेले. तोंडाचा कर्करोग, मधुमेह, उच्च रक्तदाब, दारूने बिघडलेले यकृत यांत औषधाइतकेच महत्त्व मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावणे, दारू पिणे अशा रुग्णाच्या रोजच्या सवयींना असते. तरीही त्या बदलायला मदत कशी करावी, हे भावी डॉक्टरांना अनेक दशके नीट शिकवलेच गेले नाही. ते अनुभवाने आपोआप जमेल, असे गृहीत धरले गेले.

डॉक्टरच्या शब्दाने खरोखर फरक पडतो, हे १९७९ मध्ये मायकेल रसेल आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये दाखवले. डॉक्टरांनी थोडक्यात सल्ला देऊन, पत्रक हाती ठेवून पुन्हा विचारपूस होणार असल्याचे सांगितलेल्या गटातील ५.१ टक्के लोक वर्षानंतरही धूम्रपानापासून दूर होते; काहीच न केलेल्या गटात हे प्रमाण ०.३ टक्के होते. आकडा लहान दिसतो, पण रोजच्या ओपीडीच्या गर्दीला तो लावून पाहिला की त्याचे मोल कळते. भारतातही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर जिल्ह्यांतील ३६,००० तंबाखू सेवनकर्त्यांमध्ये आरोग्यशिक्षणाचा प्रयोग केला व त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले.

सल्ला कसा द्यावा, या प्रश्नाला वळण मिळाले १९८३ मध्ये. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या मानसशास्त्रज्ञांनी सवय सुटण्याचे टप्पे मांडले: सोडण्याचा विचारही न करणाऱ्याला आणि तयारीत असलेल्याला एकच उपदेश लागू पडत नाही. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारूच्या रुग्णांविषयी लिहिताना दाखवून दिले की डॉक्टर जितका दामटून बोलतो, तितका रुग्ण आपल्या सवयीची बाजू घेऊ लागतो. म्हणून सोडण्याची कारणे रुग्णाच्याच तोंडून यावीत, असे प्रश्न विचारावेत. स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी १९९१ मध्ये ही पद्धत ग्रंथरूपाने मांडली.

मात्र ही पद्धत प्रामुख्याने दारू आणि सिगारेटच्या संदर्भात घडली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूररहित (चघळायची किंवा दातांना लावायची) तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. आपल्याकडच्या खेड्यांत मिश्री लावणाऱ्या अनेक बायकांच्या लेखी ते व्यसनच नसते. दात घासणे असते, पोट साफ होण्याचा उपाय असतो. तिथे ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असेच उत्तर मिळते. विद्यार्थ्याने ‘सकाळी दातांना काय लावता, मावशी?’ असे विचारायला शिकले पाहिजे, आणि माझ्या मते या शिक्षणाचा खरा कस तिथेच लागतो.

१९९७ च्या नियमावलीनंतर २०१९ मध्ये एमबीबीएसचा अभ्यासक्रम मुळापासून बदलला आणि वृत्ती, नीतिमत्ता व संवाद यांचे ‘एटकॉम’ हे स्वतंत्र घटकसंच त्यात आले. संवाद हा शिकवण्याचा विषय ठरला, ही मोठी गोष्ट आहे. परंतु वर्गातल्या नाट्यीकरणातून तो ओपीडीत उतरायचा, तर शिक्षकाने शेजारी बसून ऐकणे आणि चूक दाखवणे आवश्यक आहे. त्यानंतर आलेल्या कुटुंब दत्तक उपक्रमात विद्यार्थी पहिल्या वर्षापासून त्याच घरी पुन्हा पुन्हा जातो. मिश्री एका भेटीत सुटत नसल्याने, वर्षभरात त्या घरात काय बदलले आणि काय नाही, हे पाहण्याची संधी त्याला प्रथमच अभ्यासक्रमातून मिळाली आहे.