गेट : इंग्रजी क्रियापद

गेट हे इंग्रजीतील अतिशय वापरातले अनियमित क्रियापद असून मिळणे, मिळवणे, आणणे, पोचणे, होणे, समजणे अशा वरवर असंबद्ध वाटणाऱ्या अर्थांनी ते योजले जाते. मराठीत फाटक या अर्थी रुळलेला ‘गेट’ हा शब्द निराळा आहे. इंग्रजीत त्या नामातील स्वर लांबतो आणि या क्रियापदातील स्वर आखूड असतो, पण देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात.

आठव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडवर चाल करून आलेल्या आणि पुढे तेथेच स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या नॉर्स भाषेतील ‘गेटा’ या क्रियापदापासून हा शब्द आला. प्राचीन इंग्रजीत याच धातूची रूपे बहुधा उपसर्ग लागूनच आढळतात. विसरणे या अर्थाचे ‘फर्गेट’ हे त्यांपैकी एक. त्यातील ‘ग’ त्या काळी ‘य’सारखा उच्चारला जाई आणि आजचा स्पष्ट ‘ग’ नॉर्सच्या प्रभावाने आला. धातूचा मूळ अर्थ पकडणे, हस्तगत करणे असा होता. लॅटिनमधून आलेला ‘कॉम्प्रिहेंड’ हा आकलनवाचक शब्दही त्याच इंडो-युरोपीय धातूचा वंशज असल्याने ‘आय गेट इट’, म्हणजे ‘मला कळले’, या बोलीतल्या प्रयोगामागची कल्पना वाटते तितकी नवी नाही.

एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणे हे या अर्थांना जोडणारे सूत्र मानता येते. वस्तू हाती येते, माणूस ठिकाणावर पोचतो, हवा थंड होते. तिन्हींत आधी नसलेली स्थिती येते, आणि इंग्रजी तिन्हींसाठी गेट वापरते. मराठी मात्र प्रत्येक बदलाला वेगळे क्रियापद देते : अंधार पडतो, कपडे भिजतात, वाट चुकते, ताप येतो. शिवाय मराठीत मिळणारी वस्तू कर्ता होते आणि माणसाला ‘ला’ प्रत्यय लागतो. ‘शी गॉट अ जॉब’ या वाक्याचे भाषांतर ‘तिला नोकरी मिळाली’ असे करावे की ‘तिने नोकरी मिळवली’ असे, हे केवळ त्या वाक्यावरून ठरत नाही. पहिल्यात योग आहे, दुसऱ्यात प्रयत्न. इंग्रजी वाक्य दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवते आणि भाषांतरकाराला संदर्भ पाहून एक निवडावीच लागते.

मराठी भाषकाची गफलत होऊ शकते ती प्रयोजक रचनेत, म्हणजे दुसऱ्याकडून काम करवून घेतल्याचे सांगताना. न्हाव्याकडून केस कापून आलेला विद्यार्थी ‘आय कट माय हेअर’ असे लिहितो, तेव्हा त्याने स्वतःच कात्री चालवली असा अर्थ निघतो. येथे ‘आय गॉट माय हेअर कट’ हवे, आणि त्याला मराठीतील ‘कापून घेतले’ हा प्रयोग नेमका जुळतो. काम करणाऱ्याचा उल्लेख असल्यास पुढील क्रियापदाआधी ‘टू’ येतो : ‘आय गॉट हिम टू साइन’, म्हणजे मी त्याच्याकडून सही करून घेतली. यात मनधरणी किंवा खटपट सूचित होते. ‘मेक’ वापरल्यास सक्तीची छटा येते आणि ‘टू’ गळतो.

‘बी’ऐवजी गेट घेऊन कर्मणी रचनाही होते. ‘ही गॉट फायर्ड’ हे ‘ही वॉज फायर्ड’पेक्षा अनौपचारिक असून, त्या माणसावर काय ओढवले याकडे त्यात अधिक लक्ष वेधले जाते.

भूतकाळी रूप ‘गॉट’ आहे. भूतकाळवाचक धातुसाधित, म्हणजे ‘हॅव’नंतर येणारे रूप, ब्रिटनमध्ये सामान्यतः ‘गॉट’, तर अमेरिकेत अनेकदा ‘गॉटन’ असते. ‘गॉटन’ हे अमेरिकनांनी घडवलेले रूप नव्हे. ते इंग्लंडातीलच जुने रूप असून ‘फर्गॉटन’मध्ये तेथे आजही टिकून आहे. अमेरिकन इंग्रजीत या दोन रूपांमुळे एक उपयुक्त भेद साधतो : ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, तर ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली आहे.

मराठी बोलण्यात हे क्रियापद सुटे न येता जोडशब्दांतून आले आहे. स्नेहमेळाव्याला ‘गेट-टुगेदर’ म्हणणे शहरांत सर्रास चालते. ‘गेटअप’ हा शब्द नाटकाच्या संदर्भात वेशभूषा आणि रंगभूषा मिळून साधलेल्या रूपासाठी वापरतात. इंग्रजीत त्याला अनेकदा असणारी विचित्र पोशाखाची छटा मराठीत उतरलेली नाही, त्यामुळे नटाचा गेटअप चांगला जमला असे मराठीत कौतुकानेच म्हटले जाते.