लाकडाची ऋतुमानी हालचाल आणि कपाटाची दारे

हवेतील आर्द्रतेप्रमाणे लाकूड वर्षभर फुगत आणि आकसत राहते. कपाटाचे दार बसवताना या हालचालीसाठी मुद्दाम जागा ठेवणे हा सुतारकामातील एक मूलभूत नियम आहे. लाकूड कितीही मुरवलेले असले तरी ते बाष्प घेण्याचे व सोडण्याचे थांबवत नाही. सुमारे 30 अंश सेल्सिअस तापमानात सापेक्ष आर्द्रता 85 टक्के असेल, तर लाकडातील ओलावा हळूहळू 17 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. आर्द्रता 30 टक्क्यांवर उतरली की तो सुमारे 6 टक्क्यांवर येतो. त्यामुळे कोकणातील पावसाळा आणि विदर्भातील कोरडा उन्हाळा या दोन्हींत एकच फळी एकाच मापाची राहू शकत नाही.

ही हालचाल सर्व दिशांना सारखी नसते. धाग्याच्या लांबीत ती नगण्य असते, रुंदीत मात्र ठळक असते. त्यातही वाढवलयांच्या, म्हणजे खोडाच्या आडव्या कापात दिसणाऱ्या वर्तुळांच्या, स्पर्शरेषेच्या दिशेने ती खोडाच्या त्रिज्येच्या दिशेपेक्षा बहुधा दुपटीच्या जवळपास भरते. साग हे या बाबतीत स्थिर लाकूड मानले जाते, तरीही त्याच्या 450 मिलिमीटर रुंद भरीव दारातील ओलावा 10 वरून 16 टक्क्यांवर गेला, तर फळ्या कशा कापल्या आहेत त्यानुसार दार सुमारे 3 ते 5 मिलिमीटर रुंद होते. चौकटीच्या आत बसणाऱ्या दारासाठी एवढी वाढ अडकून बसायला पुरेशी आहे.

चौकट आणि पॅनेल ही रचना, म्हणजे पट्ट्यांच्या चौकटीतील खाचेत मधली फळी बसवलेले दार, हा याच अडचणीवरचा जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा उपाय आहे. तिच्यात दाराची रुंदी केवळ दोन उभ्या पट्ट्यांमुळे बदलते. त्या प्रत्येकी 60 मिलिमीटरच्या असल्या तर वरील परिस्थितीत एकूण वाढ दीड मिलिमीटरच्या आतच राहते. मधले पॅनेल खाचेत मोकळे ठेवतात. त्याला खाचेत सरस लावणे ही गंभीर चूक आहे, कारण कोरड्या दिवसांत आकसू न शकलेले पॅनेल मधोमध चिरते किंवा चौकटीचे सांधे उकलते. फार तर वरच्या व खालच्या कडेला, रुंदीच्या बरोबर मध्यावर, एकेक खिळा मारावा, म्हणजे हालचाल दोन्ही बाजूंना सारखी विभागली जाते. पॉलिश पॅनेल बसवण्यापूर्वीच आणि दोन्ही अंगांना करावे. नंतर केल्यास उन्हाळ्यात खाचेतून कोऱ्या लाकडाची पट्टी बाहेर डोकावते, आणि एकाच अंगाला केल्यास दार वाकण्याचा संभव असतो. पॉलिशमुळे बाष्पाची ये-जा मंदावते, थांबत नाही.

किती फट ठेवायची हे दार कोणत्या महिन्यात बसते यावर ठरते. मे महिन्यात, लाकूड कोरडे असताना, फट सढळ हवी. ऑगस्टमध्ये बसवलेले दार पुढे आकसणारच असल्याने ती कमी चालते. बिजागरीची कड जागची हलत नाही, त्यामुळे दाराची सारी वाढ उघडणाऱ्या कडेकडे सरकते. दोन दारांच्या कपाटात ती मधल्या फटीत दोन्हीकडून येते, म्हणून तेथे अधिक जागा सोडावी लागते. पावसाळ्यात अडकणाऱ्या दाराची कड लगेच रंध्याने तासणे टाळावे, कारण तेच दार हिवाळ्यात सैल पडून तासलेली फट कायमची राहते. बिजागरीचे स्क्रू ढिले झाल्यानेही दार खाली लटकून घासते, तेव्हा आधी तेच तपासणे योग्य ठरते.

प्लायवुडमध्ये लागोपाठच्या थरांचे धागे एकमेकांना काटकोनात असल्यामुळे रुंदीतील हालचाल फारच थोडी उरते. तेथे फट ठरवताना ऋतूपेक्षा बिजागरीचा प्रकार आणि कडेच्या पट्टीची जाडी यांचा विचार अधिक करावा लागतो.